समुद्र नसलेल्या मुलखाची बंदरे

भूमध्य समुद्रातील क्रूझ सहलींमध्ये नेपल्स हे नेहमीचे बंदर असते आणि तेथे उतरणारे बहुतेक प्रवासी पॉम्पेईचे अवशेष पाहून संध्याकाळी जहाजावर परततात. छत्रपती संभाजीनगरातून गेलेल्या प्रवाशाला मात्र नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात थांबण्याचे एक खास कारण आहे. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या इटालियन पुरातत्त्ववेत्त्याला पॉम्पेईतील एका घरात सापडलेली, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती तेथे आहे. मायुरीने तिला लक्ष्मी म्हटले, नंतरच्या अभ्यासकांना ती यक्षी वाटली, आणि तिच्या माथ्याच्या छिद्रावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या चौरंगाचा पाय असावी असा तर्क केला जातो. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले ते इ.स. ७९ मध्ये; म्हणजे ही मूर्ती त्यापूर्वीच इटलीत पोचलेली होती.

तिचे मूळ प्रथम मथुरेकडे शोधले गेले. पुढे भोकरदन येथील उत्खननात याच धाटणीचे हस्तिदंती काम मिळाल्यावर पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी ती तेथेच घडली असावी असे मत मांडले. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आज जालना जिल्ह्यात असले तरी १९८१ पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होते. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही अशीच हस्तिदंती मूर्ती सापडली असल्याने, समुद्रकिनारा नसलेल्या मराठवाड्याचा युरोपातील बंदरांशी संबंध कसा आला, हा प्रश्न एका मूर्तीपुरता राहत नाही.

त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात मिळते. ‘एरिथ्रियन समुद्र’ या नावाखाली तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर अशा दोहोंचा समावेश करून, तेथील बंदरे, माल आणि वारे यांची माहिती देणारा हा ग्रंथ इजिप्तमधील कोणा अनामिक व्यापाऱ्याने लिहिला. बरिगाझा, म्हणजे नर्मदेच्या मुखावरील भडोच, येथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असल्याचे तो सांगतो. पैठणहून अकीक जातीचे खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेली जाई. बेसाल्ट खडकाच्या पोकळ्यांत हे खडे तयार होत असल्याने दख्खनच्या पठाराला त्यांची वाण नव्हती. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंतही आहे.

कल्याण बंदर नाणेघाटाच्या वाटेने पैठणच्या सातवाहन राजांना सोयीचे असतानाही माल भडोचकडे का जाई, याचे कारण राजकीय होते. पश्चिमी क्षत्रपांनी, म्हणजे गुजरात-माळव्यातील शक राज्यकर्त्यांनी, कल्याणच्या व्यापाराची कोंडी केली होती आणि तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच तसे अवघड बंदर होते. खाडीतील उथळ जागा आणि भरतीचा प्रचंड लोंढा यांमुळे राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन समोर येत आणि परदेशी जहाजे ओढून नेत. आजही मोठे जहाज बंदरात आणताना स्थानिक वाटाड्या घ्यावा लागतो, तसाच हा बंदोबस्त होता.

येथून पुढचा प्रवास वाऱ्यांच्या हाती असे. इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर आलेली जहाजे हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यांवर परतत, तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस येथे माल उतरवत, तेथून उंटांचे तांडे तो नाईल नदीकाठच्या कॉप्टोसला पोचवत आणि मग नदीमार्गे तो अलेक्झांड्रियाला जाई. रोमन सरकार या मालावर पंचवीस टक्के जकात घेई. अलेक्झांड्रियाहून निघालेल्या जहाजांचे इटलीतील मोठे ठिकाण म्हणजे नेपल्सच्या आखातातील पुतेओली, आजचे पोझुओली.

उलट दिशेने भडोचला इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्या-चांदीची नाणी येत. भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे त्या नावाची रोमन नाणी, वाहून जातात अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली. या आकड्यावर किती भिस्त ठेवावी याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु तक्रार करणारा हा लेखक याच आखातातील मिसेनुम बंदराच्या आरमाराचा प्रमुख होता आणि इ.स. ७९ च्या त्याच उद्रेकात मरण पावला, हा योग विलक्षणच. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती सापडली आहे, ती या आवक-जावकीतलीच.

पॉम्पेईच्या मूर्तीबाबत एक अडचण राहते. तिच्या तळाशी ‘शि’ हे खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे आणि ही लिपी प्रामुख्याने वायव्य भारताची. म्हणून काही अभ्यासक तिचा संबंध त्या प्रदेशाशी जोडतात. परंतु ज्या क्षत्रपांच्या ताब्यात भडोच होते त्यांतील नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक आणि ब्राह्मीबरोबर खरोष्ठी अक्षरेही आढळतात. मूर्ती भोकरदनला घडून, वाटेत क्षत्रपांच्या मुलखातील एखाद्या कारागिराने किंवा व्यापाऱ्याने तिच्यावर आपली खूण कोरली असे मानले, तर शैली आणि लिपी या दोहोंचा उलगडा होतो, आणि भोकरदनचा दावा सोडण्याचे कारण उरत नाही.