पाणबुडी, धरण आणि वाशिष्ठी

पाणबुडीनं धरण फोडता येईल का? प्रश्न रहस्यकथेतला वाटतो. पण दुसऱ्या महायुद्धात धरणांवर घाला घालण्याचे बेत खरोखरच झाले, आणि दोन-चार माणसांच्या छोट्या पाणबुड्याही खऱ्याच होत्या. रत्नागिरी जिल्ह्याला हा विषय परका नाही. कोयनेचं अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. २००५ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना पाण्याची धास्ती शिकवावी लागत नाही.

मी कवी माणूस, पदवी कला शाखेची. पण हिशेब फार अवघड नाही.

ब्रिटिशांची ‘एक्स’ जातीची पाणबुडी जेमतेम सोळा मीटर लांब, आत चार माणसं. दोन्ही कुशींना दोन-दोन टनांचे सुरुंग. सप्टेंबर १९४३ मध्ये अशा पाणबुड्या नॉर्वेतल्या खाडीत शिरल्या आणि ‘टिरपिट्झ’ या बलाढ्य जर्मन युद्धनौकेखाली सुरुंग टाकून त्यांनी तिला कित्येक महिने जायबंदी केलं. त्याच वर्षी १६ मेच्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीतल्या म्योने धरणावर हल्ला केला. तिथं वापरलेल्या प्रत्येक बॉम्बमध्ये सुमारे तीन टन स्फोटक होतं. म्हणजे दारूच्या वजनात छोटी पाणबुडी मुळीच कमी नव्हती!

अडत होतं ते जागेपाशी. म्योनेचा बॉम्ब पाण्यावर उड्या मारत भिंतीला भिडायचा, तिला घासत खाली जायचा आणि सुमारे नऊ मीटर खोलीवर फुटायचा. भिंत वर निमुळती असते, तळाशी अफाट जाड. पाणबुडीचा सुरुंग पडणार तळाला, म्हणजे भिंत सर्वांत भक्कम तिथंच. आणि म्योने फुटलं तेव्हा बुडालं कोण? त्या रात्रीच्या हल्ल्यांत सुमारे सोळाशे माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त जर्मनांनी सक्तीनं राबायला आणलेली परदेशी माणसं होती, त्यांत बायका पुष्कळ. विजयाच्या कथांत त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत.

त्याहून मोठी अडचण वाटेची. आमच्या मोहल्ल्यातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला विचारलं, तर तो हसून सांगेल, भरतीच्या पाण्यावर मचवा दाभोळहून गोवळकोटपर्यंत जायचा, पुढं बैलगाडी! पाणबुडी तिथवर आली तरी समोर सह्याद्री उभा. कोयनेचं पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं. त्याच्या उलट कोण चढणार? पनामाच्या कालव्यालाही हेच लागू. गाटुन तलाव समुद्रापासून जवळ, पण २६ मीटर उंचावर. छोट्या पाणबुड्यांत तरबेज असलेल्या जपाननं त्याचे दरवाजे फोडण्यासाठी त्या पाठवायचा विचार केला नाही. प्रचंड पाणबुड्या बांधल्या आणि त्यांच्यातून विमानं उडवायचं ठरवलं. १९४५ मध्ये तो बेतही बारगळला.

सर्वांत व्यवहारी बेत मला अमेरिकेतल्या हूवर धरणाचा वाटतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये अमेरिकी सरकारला खबर लागली, की जर्मन हेर भाड्याची होडी घेऊन मासे गळाला लावायच्या मिषानं धरणाजवळ जाणार आहेत. भिंतीला त्यांना हातही लावायचा नव्हता. ती तळाशी दोनशे मीटर जाड! त्यांचा डोळा होता पाणी आत घेणाऱ्या मनोऱ्यांवर. ते मोडले की जनित्रं थांबतील, लॉस एंजलिसकडचे विमानांचे कारखाने अंधारात जातील. सरकारनं धरणालगतच्या पाण्यात होड्यांना बंदी घातली, पहारे वाढवले आणि लोकांना मात्र काही कळू दिलं नाही. कट तडीस गेला नाही.

त्या हेरांना हवं होतं ते कोयनेत शत्रूविना घडलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं भुईसपाट झाली. १०३ मीटर उंच भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. वीज मात्र तुटली आणि मुंबईचे कारखाने थांबले. तडे बुजवून मग भिंतीला मागून जाड आधार दिला गेला.

पाण्याखालचा स्फोटही कोयनेनं पाहिला आहे. तो आपल्याच अभियंत्यांनी केला, १३ मार्च १९९९ ला. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत नेला, शेवटचा खडक सुरुंगानं उडवला आणि भरल्या जलाशयाचं पाणी बोगद्यात घेतलं. २०१२ मध्ये असाच दुसरा स्फोट झाला. धरण हाताशी, नकाशे घरचे, पहारेकरी आपले, तरी त्या एका भोकासाठी वर्षानुवर्षं डोंगर पोखरावा लागला.