अर्धशिशीतील अक्षमता व जीवनगुणवत्तेचे मापन

अर्धशिशी (मायग्रेन) या विकाराचा रुग्णाच्या कामकाजावर, कौटुंबिक व सामाजिक जीवनावर आणि मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम ठरावीक प्रश्नावल्यांच्या साहाय्याने अंकांत मांडणे, यास अक्षमता व जीवनगुणवत्तेचे मापन म्हणतात. अर्धशिशीचे निदान प्रामुख्याने रुग्णाने सांगितलेल्या लक्षणांवरून होते. रक्ततपासणीतून किंवा मेंदूच्या चित्रणातून तिची तीव्रता कळत नाही आणि झटका ओसरल्यावर रुग्ण निरोगी दिसतो. म्हणून वाया गेलेले दिवस मोजणे हा या आजाराचा भार दाखविण्याचा एक प्रमुख मार्ग आहे.

आजाराचा भार

'जागतिक रोगभार' अभ्यासात पूर्ण आरोग्यास ० व मृत्यूस १ धरून अर्धशिशीच्या झटक्याच्या काळास ०.४४१ इतका अक्षमता-भारांक दिला आहे. २०१९ च्या अंदाजानुसार अक्षमतेच्या जागतिक कारणांत अर्धशिशीचा क्रमांक दुसरा, तर तरुण स्त्रियांमध्ये पहिला होता.

प्रमुख प्रश्नावल्या

मायडास : वॉल्टर स्ट्यूअर्ट व रिचर्ड लिप्टन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेली ही प्रश्नावली मागील तीन महिन्यांविषयी पाच प्रश्न विचारते. काम किंवा शाळा बुडालेले दिवस, तेथील कार्यक्षमता निम्म्याहून कमी झालेले दिवस, घरकामाबाबत असेच दोन प्रकारचे दिवस आणि कौटुंबिक वा सामाजिक कार्यक्रम चुकलेले दिवस यांची बेरीज केली जाते. ०-५ गुण म्हणजे नगण्य, ६-१० सौम्य, ११-२० मध्यम आणि २१ किंवा अधिक म्हणजे तीव्र अक्षमता. उदाहरणार्थ, ३, ४, २, ५ व १ अशी उत्तरे आल्यास बेरीज १५, म्हणजेच मध्यम अक्षमता होते. डोकेदुखीचे एकूण दिवस व वेदनेची तीव्रता यांविषयीचे दोन जादा प्रश्न बेरजेत धरत नाहीत.

हिट-६ : वेदना, थकवा, चिडचिड, एकाग्रता इत्यादींविषयीचे सहा प्रश्न. एकूण गुण ३६ ते ७८ या दरम्यान असतात; ६० किंवा त्याहून अधिक गुण तीव्र परिणाम दर्शवितात.

एमएसक्यू : जीवनगुणवत्तेविषयीची १४ प्रश्नांची प्रश्नावली. कामावर येणारी मर्यादा, काम पूर्ण बंद पडणे व भावनिक परिणाम असे तिचे तीन विभाग आहेत.

भारतातील सर्वेक्षण

बंगळूर शहर व परिसरातील ग्रामीण भागात १८ ते ६५ वर्षे वयाच्या २,३२९ व्यक्तींचे घरोघरी जाऊन सर्वेक्षण करण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरातील अर्धशिशीचे प्रमाण २५.२ टक्के आढळले. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा आणि ग्रामीण भागात शहरापेक्षा अधिक होते.

ग्रामीण भागातील मर्यादा

'काम बुडाले का?' हा प्रश्न नोकरदारास सोपा असतो. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरसारख्या परिसरात मात्र घरकाम, स्वतःची शेती, गुरे व रोजंदारी एकाच दिवसात येतात. मजुरी बुडू नये म्हणून डोके दुखत असतानाही निंदणीला जाणाऱ्या स्त्रीचा तो दिवस 'बुडालेला' ठरत नाही. 'कार्यक्षमता निम्म्याहून कमी' हा प्रश्न नीट समजावून न दिल्यास तिचे गुण कमी येतात आणि आजार सौम्य भासतो. तीन महिने आठवून सांगणेही कठीण असते. सण, बाजाराचा दिवस किंवा शेतीचा हंगाम यांच्या आधारे विचारल्यास उत्तर अधिक नेमके मिळू शकते. साक्री तालुक्यात अहिराणी, भिल्ली व कोकणा या बोली प्रचलित असल्याने केवळ प्रमाण मराठीतील छापील प्रश्नावली पुरेशी ठरत नाही. भाषांतर, उलट भाषांतर व स्थानिक लोकांकडून अर्थाची पडताळणी हे अनुकूलनाचे टप्पे मानले जातात.

उपयोग

उपचारापूर्वी व उपचारानंतरच्या गुणांची तुलना करून औषधाचा परिणाम पाहता येतो. वारंवार झटके येणाऱ्यांना प्रतिबंधक औषधे द्यावीत का, हे ठरविण्यासही हे गुण साहाय्यभूत होतात. मात्र दोन झटक्यांमधील धास्ती दिवसांच्या मोजणीत दिसत नाही. त्यामुळे अक्षमता व जीवनगुणवत्ता या दोन्हींचे मापन एकत्र केले जाते. गुण हे निदानाचा पर्याय नाहीत.