घाईत भरलेला दाणा

डेडलाइन अचानक अलीकडे आली की आम्ही सॉफ्टवेअरवाले काय करतो? फीचर्स कापतो आणि रिलीज करून मोकळे होतो. गहूसुद्धा हेच करतो, हे मला २०२२ सालची गोष्ट वाचताना कळलं.

त्या वर्षीचा मार्च भारतात १९०१पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात नेमका तेव्हा गव्हाचा दाणा भरत होता. एरवी फुलोऱ्यानंतर हे काम महिनाभर तरी निवांत चालतं. पारा तिशीपार गेला की दाण्यात स्टार्च बनवणारी एन्झाइम्स मंदावतात, पानं लवकर पिवळी पडतात. झाड आधी पानांतून पाणी सोडून स्वतःला गार ठेवू बघतं. मग खोडात साठवलेली साखर ओंबीकडे पाठवतं आणि लवकर पिकून जातं. बी वाचतं, दाणा मात्र हलका, सुरकुतलेला राहतो.

सरकारचा ११.१३ कोटी टनांचा अंदाज मे महिन्यात १०.६४ कोटींवर आला. युक्रेन युद्धामुळे भाव आधीच चढलेले. १२ मेला निर्यात वाढवायला नऊ देशांत शिष्टमंडळं पाठवायची घोषणा झाली आणि १३ मेला चक्क निर्यातबंदी! लगेच पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या-तुटक्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्के करावी लागली.

गंमत म्हणजे, गव्हाच्या लेखी त्याचं काम चोख झालं होतं. पुढच्या पिढीपुरतं बी त्याने वाचवलं होतं. शेतकऱ्याला मात्र पैसे वजनावर मिळतात. आणि पोळीही वजनाचीच होते, नाही का?