महाधमनी शस्त्रक्रियेतील चेतासंरक्षण

उदरातील महाधमनी (महारोहिणी) किंवा तिच्या श्रोणिभागात जाणाऱ्या शाखा यांवर खुली शस्त्रक्रिया करताना त्यांच्या पृष्ठभागावरून जाणारे स्वायत्त चेतातंतू अबाधित राखण्याच्या पद्धतीस चेतासंरक्षण म्हणतात. हे तंतू दुखावल्यास जिवाला धोका नसतो. तथापि पुरुषाच्या वीर्यस्खलनात कायमचा बिघाड होऊ शकतो.

शरीररचना

उदरीय महाधमनी बाराव्या वक्षमणक्याच्या पातळीपासून खाली येते व चौथ्या कटिमणक्यापाशी दोन श्रोणिधमन्यांत विभागते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी निघालेले अनुकंपी चेतातंतू महाधमनीच्या पुढून उतरतात आणि या दुभाजनस्थानाच्या समोर व खाली त्यांचे जाळे बनते. त्यास ऊर्ध्व अधोजठर चेताजाल म्हणतात. त्याचे बरेच तंतू डाव्या श्रोणिधमनीवरून जातात. ते बारीक असून मेदात दडलेले असल्यामुळे सहज दिसत नाहीत.

स्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड मिटवणे हे या तंतूंचे एक कार्य होय. ते तुटल्यास वीर्य मूत्राशयात मागे जाते किंवा बाहेर पडतच नाही. शिश्नाचे ताठरणे मात्र मुख्यतः त्रिकास्थीजवळील परानुकंपी चेता आणि अंतःश्रोणिधमनीचा रक्तपुरवठा यांवर अवलंबून असते.

इतिहास

महाधमनीचा खालचा भाग बंद झाल्याने पायांतील वेदनेबरोबर नपुंसकत्व येते, हे फ्रेंच शल्यचिकित्सक रने लरीश यांनी दाखवून दिले. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबो यांनी उदरीय महाधमनीचा विस्फार (फुगवटा) कापून काढून तेथे दात्याची धमनी बसवली. विस्फार समूळ काढताना भोवतालच्या ऊतींना इजा होई. ऑस्कर क्रीच यांनी १९६६ मध्ये विस्फाराची पिशवी जागेवरच ठेवून आतून कृत्रिम नलिका शिवण्याची पद्धत मांडली. १९७० च्या दशकात लैंगिक कार्य टिकवण्याकडे शल्यचिकित्सकांनी विशेष लक्ष दिले.

पद्धती

* महाधमनीवरील छेद उजव्या बाजूने घेतात. डावीकडील ऊती शक्यतो सोडवत नाहीत.
* दुभाजनस्थानासमोरील ऊती न कापता एकसंध थर म्हणून डावीकडे सरकवतात.
* अधर आंत्रबंधधमनीचे मुख बंद करावयाचे असल्यास ते पिशवीच्या आतून शिवतात.
* डाव्या श्रोणिधमनीभोवती फिरून ती मोकळी करण्याऐवजी आतून फुग्याने रक्तप्रवाह थांबवता येतो.
* किमान एका अंतःश्रोणिधमनीचा रक्तप्रवाह राखण्याचा प्रयत्न करतात.

मर्यादा

विस्फार फुटला असल्यास रक्तस्राव थांबवणे हेच पहिले कर्तव्य ठरते. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा भोवती दाह असेल, तर तंतू ओळखणे कठीण जाते. १९९० मध्ये हुआन पारोदी यांनी ब्वेनोस आइरेस येथे जांघेतील धमनीतून नलिका बसवून विस्फारावर उपचार केला. या पद्धतीत चेताजालास हात लागत नाही. परंतु अंतःश्रोणिधमनी बंद करावी लागल्यास चालताना नितंबांत वेदना व ताठरण्यात अडचण येऊ शकते.

रुग्णाचे समुपदेशन

मधुमेह व धमनीकाठिण्य यांमुळे अनेक रुग्णांना लैंगिक अडचण आधीपासूनच असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तिची चौकशी व नोंद करणे आवश्यक ठरते. संकोचामुळे हा विषय दोन्ही बाजूंनी टळला, तर झालेला बदल रुग्णास अनपेक्षितपणे कळतो व त्याचे कारणही उमगत नाही. अपत्याची इच्छा असल्यास वीर्य आधीच गोठवून ठेवता येते. वीर्य मूत्राशयात जात असल्यास मूत्रातून शुक्राणू वेगळे काढणेही शक्य असते.