रिबिनीचा जांभळा रंग

गेल्या दिवाळीत आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांसाठी रिबिनी घरीच रंगवाव्यात, अशी मला हुक्की आली. काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठ आणली, उकळली, आणि त्या काढ्यात एक रेशमी व एक सुती रिबीन बुडवली. रेशमीने रंग धरला. सुती मात्र नळाखाली धरताच पुन्हा फिकट! शेजारच्या आजींनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, आधी हिरड्याचे पाणी, मग तुरटी, आणि मग रंग." दुसऱ्या खेपेस सुती रिबीनही लाल झाली. रेशीम प्राणिज, त्याला रंग सहज चिकटतो. कापसाला मध्ये एक मध्यस्थ लागतो, आणि ते काम हिरड्यातले तुरट द्रव्य व तुरटी मिळून करतात.

आजींचे हे ज्ञान विलायतेत एका पोराला फार कष्टाने मिळवावे लागले.

१८५६ सालची ईस्टरची सुटी. लंडनमधल्या आपल्या घरातच थाटलेल्या प्रयोगशाळेत अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन झाले नाही. तळाशी काळा गाळ उरला. तो मद्यार्काने धुताना सुंदर जांभळा रंग उतरला. दुसऱ्या कोणी तो मोरीत ओतला असता. पर्किनने त्यात रेशीम बुडवून पाहिले, स्कॉटलंडमधील पर्थच्या पुलर या रंगाऱ्यांकडे नमुना धाडला, आणि ऑगस्टमध्ये पेटंटही घेतले. त्याचे गुरू हॉफमन यांना शिष्याने विद्या सोडून धंद्यात पडणे रुचले नाही. बांधकामाचा व्यवसाय करणाऱ्या वडिलांनी मात्र पदरचा पैसा घातला आणि ग्रीनफर्डला कारखाना उभा राहिला.

पण रेशमावर बसणारा हा रंग सुतावर बसेना. तेव्हा तुरट द्रव्याचा मध्यस्थ शोधावा लागला, म्हणजे आजींच्या हिरड्याचाच भाऊबंद! जानेवारी १८५८ मध्ये आपल्या थोरल्या कन्येच्या लग्नात व्हिक्टोरिया राणीने जांभळा पोषाख केला. मग काय विचारता! झगे, टोप्या, रिबिनी, जिकडे तिकडे जांभळे. पूर्वी श्रीमंतांनाच परवडणारी छटा सामान्य घरांतही पोहोचली.

याच सुमारास इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात घरोघर मागांवर रेशमी रिबिनी विणल्या जात. रिबिनीला असे दिवस आलेले असताना हे विणकर सुखी असतील, असे वाटते ना? झाले उलटेच. १८६० साली इंग्लंड-फ्रान्स तह झाला, परदेशी रेशमावरची जकात उठली आणि फ्रेंच रिबिनींचा लोंढा आला. माग थांबले. उपासमार सुरू झाली. कित्येक कुटुंबे शहर सोडून गेली, काही तर थेट अमेरिकेला. दोष रंगाचा नव्हता, हे खरे; पण नव्या रंगाने वाढवलेली हौस त्यांच्या चुली पेटत्या ठेवू शकली नाही, हेही तितकेच खरे.

टॉमस स्टीव्हन्स नावाच्या एका कारखानदाराने तेवढी वाट काढली. जॅकार्ड मागावर तो रेशमी रिबिनीत चित्रे विणू लागला आणि पुस्तकात खूण म्हणून घालायच्या त्या फिती खपू लागल्या. बाकीचे बहुतेक माग मुकेच राहिले.