मुरुम, इसब आणि मुंबईहून आलेली ट्यूब

त्सुफेनहाउझेनचा जानेवारी म्हणजे बाहेर बोचरी थंडी आणि घरात दिवसरात्र हीटर. मुळात नाजूक त्वचा असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींचे हाल इथे दुहेरी होतात. कपाळ आणि नाक तेलकट, त्यावर मुरुम. पापण्या, मान, कोपराची आतली बाजू कोरडी आणि खाजणारी, म्हणजे इसब. मुरुमाचं औषध लावलं की इसब चिडतो आणि इसबासाठी जाड मलम चोपडलं की मुरुम फुलतात. तुमचं हेच चाललं असेल, तर दोष तुमचा नाही. या दोन आजारांचा इतिहासच वेगवेगळ्या कप्प्यांत लिहिला गेलाय.

सुश्रुतसंहिता उघडून पाहा. निदानस्थानात विचर्चिका, म्हणजे इसबाशी जुळणारा आजार, पाचव्या अध्यायात कुष्ठांबरोबर येतो. तारुण्यपीटिका मात्र तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांत. तरुणांच्या तोंडावर उठणारे शाल्मलीच्या काट्यांसारखे फोड असं त्यांचं वर्णन आहे. त्यामुळे 'हे तर वयाचंच आहे' हे आजीचं वाक्य तसं बरंच जुनं!

युरोपातही फार वेगळं नव्हतं. इसब हा बिघडलेल्या रक्ताचा मळ आहे, तो बाहेरून दाबला तर रोग आत शिरेल, ही समजूत एकोणिसाव्या शतकातही होती. व्हिएन्नाच्या फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी तिला धक्का दिला. निरोगी त्वचेवर जमालगोट्याचं दाहक तेल लावून त्यांनी इसबासारखा दाह उठवून दाखवला. बाहेरच्या त्रासाने त्वचा बिघडते, तर बाहेरून उपचारही करता येतो, हा त्याचा अर्थ. 'रक्त शुद्ध करायला हवं' हे आपल्याकडे आजही ऐकू येतं, पण तो वाद तेव्हापासूनचा आहे.

पुढचा टप्पा जर्मनीतला. हाम्बुर्गमध्ये आयझॅक लिफशुट्झ यांच्या ऑयसेरिटमुळे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं टिकाऊ क्रीम शक्य झालं. त्यातूनच १९११ मध्ये निव्हिया आलं. १९२८ मध्ये हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी त्वचेच्या 'आम्ल आवरणा'ची कल्पना मांडली. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, साधा साबण मात्र अल्कधर्मी. (पत्नी ज्यू वंशाची असल्याने मार्किओनिनी १९३८ मध्ये जर्मनी सोडून अंकाऱ्याला गेले आणि युद्धानंतर परतले.) मुरुम घालवायला दिवसातून चारदा साबणाने तोंड धुणं महागात का पडतं, याचं उत्तर इथे मिळतं. तेल जातं, पण आवरणही जातं आणि इसबाला दार उघडं मिळतं.

हे दार काहींचं जन्मतःच किलकिलं असतं. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषांमुळे इसबाचा धोका वाढतो. मुरुमांची गोष्ट वेगळी. तिथे वयात येतानाची संप्रेरकं, वाढलेलं तेल, बुजलेली छिद्रं, जंतू आणि दाह हे सगळे एकत्र काम करतात. १९६९ मध्ये आल्बर्ट क्लिगमन, फुल्टन आणि गेर्ड प्लेविग यांनी ट्रेटिनॉइनचा उपचार मांडला. बुजलेली छिद्रं त्याने मोकळी होतात, पण त्वचा कोरडी पडते आणि सोलते. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं.

आता त्या ट्यूबकडे वळू. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शमतो हे दाखवलं. हा मोठा शोध होता. पुढे बेटामेथासोन, क्लोबेटासोल असे कितीतरी तीव्र भाऊबंद आले आणि भारतात ते चिठ्ठीशिवाय सहज मिळू लागले. दोनतीन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो. मग ते मुरुमांवर, डागांवर, गोरं व्हायला, कशावरही लावलं जाऊ लागलं. २०११ मध्ये भारतातल्या बारा केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइड लावत होते आणि सगळ्यांत जास्त आढळलेला दुष्परिणाम होता मुरुम येणं किंवा वाढणं. शिवाय त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. करार कागदावर असतात, पण ट्यूब सामानाच्या बॅगेत येते, चकली आणि मेतकुटाच्या मधोमध. पाठवणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. तरी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. 'सोन' किंवा 'सोल' असा शेवट दिसला तर चेहऱ्यावर लावण्याआधी विचारा. असं मलम बरेच दिवस लावत असाल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइड शत्रू नाही. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरावीक दिवस लावलं तर ते इसबाचं उत्तम औषध आहे.

मग दोन्ही एकत्र कसं सांभाळायचं? क्रम महत्त्वाचा. आधी आवरण दुरुस्त करा: सुगंध नसलेलं सौम्य क्लेन्झर, कोमट पाणी, छिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर. चेहऱ्यावर खोबरेल तेल आणि खरखरीत उटणं नको. इसब शांत झाला की मुरुमाचं एकच औषध, आठवड्यातून दोनदा, अगदी थोडं, इसबाच्या जागा सोडून. वाढवायचं ते हळूहळू. पापण्यांसारख्या नाजूक जागी डॉक्टर टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम देऊ शकतात. ते जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालं.

जर्मनीत त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळायला उशीर लागतो. बारा ते चौदा वयात जे-१ तपासणी असते, तिथेच विषय काढा. मोठे असाल तर हाउसआर्त्स्टकडून तातडीचा कोड असलेली चिठ्ठी घ्या आणि ११६११७ वर फोन करा. जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, आजीने पाठवलेलीसुद्धा. लाजू नका, डॉक्टरांना सगळ्यांत आधी तीच बघायची असते.