ताम्रपटांतील ‘भट’ आणि मोडी कागदांतील ‘पाटील’

नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुका संशोधकांस मुख्यत्वेंकरून मांढळमुळें परिचित आहे. या गांवीं दुसरा रुद्रसेन, दुसरा प्रवरसेन व दुसरा पृथिवीषेण या वाकाटक राजांचे ताम्रपट सांपडले. त्यांवरून वंशावळीची व कालगणनेची चर्चा पुष्कळ झाली. मानानें वाकाटक दानपत्रांतील अटींचे शब्द उपेक्षित राहिले. वस्तुतः गांवकऱ्यांचें सुखदुःख अटींत असतें, वंशावळींत नव्हे. म्हणून त्यांतील एकदोन शब्द आम्ही येथें तपासूं इच्छितों.

या अटींचा प्रसिद्ध नमुना म्हणजे अचलपूरनजीकच्या चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट. त्यांत दिलेल्या गांवास ‘अभटच्छात्रप्रावेश्य’ म्हटलें आहे. म्हणजे भट व छात्र यांनीं तेथें प्रवेश करूं नये. आजच्या मराठी वाचकाच्या कानीं भट म्हणजे भिक्षुक आणि छात्र म्हणजे विद्यार्थी. हा अर्थ घेतला तर एक हजार ब्राह्मणांस दिलेल्या गांवांत ब्राह्मणांसच मज्जाव केला असें होईल! आपला मराठी भट हा संस्कृत ‘भट्ट’ शब्दापासून आला. ताम्रपटांतील भट निराळा, तो शिपाई. छात्राचा निर्णय मात्र इतका सोपा नाहीं. फ्लीटनें १८८८ सालीं छत्र धरणारे असा अर्थ केला. वाकाटक लेखांचा संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध करतांना म. म. वा. वि. मिराशी यांनीं पोलीस असा केला. आम्हांस मिराशींचा अर्थ ग्राह्य वाटतो. कारण दानाची आज्ञा ज्या संचारी राजसेवकांस उद्देशून आहे, त्यांतच भट व छात्र जोडीनें उल्लेखिले आहेत. शिवाय इतर राजवंशांच्या दानपत्रांत याच जागीं ‘चाट’ आणि ‘भट’ हे येतात. छत्र्या धरणाऱ्यांस अडविण्यासाठीं कोणी तांब्यावर अक्षरें कोरवीत नाहीं.

याहून महत्त्वाचा शब्द ‘अचारासनचर्माङ्गार’ हा होय. फ्लीटच्या मतें कुरणें, कातडीं व कोळसा यांवरील हक्क या दानांत समाविष्ट नाहीं. मिराशींच्या मतें फिरतीवरील अधिकाऱ्यांस गवत, बसावयास चामडें व कोळसा पुरविण्याची गांवावरील सक्ती येथें माफ केली आहे. आरंभींचा ‘अ’ एकच. पण एका अर्थीं हक्क राखून ठेविला जातो, तर दुसऱ्या अर्थीं मानेवरील जूं उतरतें. कोश दोन्ही अर्थांस वाव देईल. निकाल शेजारच्या शब्दांनीं लागतो. त्याच मालिकेंत पुढें गांव सर्व प्रकारच्या ‘विष्टी’पासून मुक्त केला आहे, आणि विष्टि म्हणजेच आपली वेठ. वेठमाफीच्या पंक्तींत बसणारा शब्द माफीचाच असला पाहिजे.

तेरा-चौदा शतकें ओलांडून याच मुलखांतील मोडी कागदांकडे आलें तरी अडचण तीच राहते. किंबहुना येथें शब्द ओळखीचे असल्यामुळें ती डोळ्यांआड होते. पुणें प्रांतांतील दफ्तरांवर हात बसलेला वाचक ‘पाटील’ शब्द पाहतांच वतनदार समजतो : वंशपरंपरेचा, मानपानाचा, प्रसंगीं वतन विकूंही शकणारा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांतील पाटील हा बहुधा गांवाचा वसूल पत्करणारा व्यवस्थापक होता. जेंकिन्सचा १८२७ सालचा अहवाल त्यासाठीं अवश्य पहावा. देशावरील अर्थ येथें लादला तर नसलेलें वतन कागदांत दिसूं लागतें.

पुढें १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि सरकारी भाषेंत ‘मालगुजार’ शब्द दृढ झाला. फारसीप्रमाणें त्याचा अर्थ सारा भरणारा एवढाच. परंतु १८६० नंतरच्या बंदोबस्तांत या सारा भरणाऱ्यास गांवाची मालकी देण्यांत आली, आणि पिढ्यान् पिढ्या जमीन कसणारे कित्येक कुणबी त्याचीं कुळें ठरले. शब्दांत मालकी कोठेंच नव्हती. ती कायद्यानें आंत घातली. ती काढण्यास १९५० चा कायदा व्हावा लागला आणि ३१ मार्च १९५१ रोजीं हे हक्क सरकारजमा झाले.

त्यांबरोबर मालगुजारांच्या ताब्यांतील तलावही सरकारकडे आले. पूर्व विदर्भांत त्यांस आज ‘मामा तलाव’ म्हणतात. परप्रांतीयास वाटावें कीं कोणा मामानें भाच्यांसाठीं तो खोदविला. प्रत्यक्षांत हीं ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें. नात्यागोत्यावरून या नांवाची एखादी आख्यायिका कोणी रचण्यापूर्वीं ही व्युत्पत्ति नोंदवून ठेवणें बरें.

कुही, मांढळ, वेलतूर, पचखेडी या बाजूच्या जुन्या घरांत १८५४ पूर्वींचे वसुलाचे कागद असल्यास संग्राहकांनीं सूची करतांना ‘पाटील’ शब्दापुढें ‘वतनदार’ असें स्वतःहून लिहूं नये. मुदत, रक्कम व कोणाच्या शिक्क्यानें गांव दिला, हीं तीन कलमें तेवढीं जशींच्या तशीं उतरून घ्यावींत.